जल्लाद डॉक्टरांचं शंटिंगचं इंजिन

सांगलीत आमच्या डॉक्टरांना कुणी नावानं ओळखत नसे. स्टेशनवर टांगेवाल्याला ‘दातांचे डॉक्टर’ म्हटलं, तर तो विचारायचा, “जल्लादाकडं जायचं का?” नाव उगाच पडलं नव्हतं. दात उपटायचा म्हणजे आधी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध गालावर एक सणसणीत थोबाडीत. माणूस गांगरून आ वासतो, तेवढ्यात चिमटा आत. “दुसरीकडं दुखलं की पयलं दुखणं इसरतंय माणूस,” ते शांतपणे सांगायचे, “इंजेक्शन दिलं तरी चढायला येळ लागतो, थापडीला लागत न्हाई.” यात शास्त्र किती आणि स्वभाव किती, ते इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढूनही मला सांगता यायचं नाही. मार खाऊन गेलेली माणसं पुढच्या दातालाही त्यांच्याकडेच यायची, एवढं मात्र खरं.

मी माहेरची कोरेगावची. नवरा कुपवाडच्या एका कारखान्यात लागला म्हणून सांगलीला आले आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून राहिले. पहिल्याच दिवशी एका गुळाच्या व्यापाऱ्यानं डॉक्टरांच्या बोटाला कडकडून चावा घेतला आणि डॉक्टरांनी त्याला खुर्चीसकट आडवा केला. घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, हा कसाईखाना आहे, उद्यापासून जायची नाही. दुसऱ्या दिवशी गेले ती त्यांच्या शेवटापर्यंत जात राहिले. माणसाचा लळा कशानं लागतो, हे का कुणी ठरवून सांगतं?

डॉक्टर सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातले. जेवण दिवस मावळायच्या आत. वाटेत मुंग्यांची रांग दिसली, तर हा आडदांड माणूस उंबऱ्यावर ताटकळत उभा राहायचा आणि बाहेर पेशंट गाल धरून बोंबलत असायचा. मी एकदा न राहवून म्हटलं, “डॉक्टर, मुंगीवर एवढी माया आणि माणसाच्या कानफटात?” तर म्हणाले, “मुंगी कवा उलट बोललीय का, बाई?”

दवाखान्यामागच्या खोलीत त्यांचा खरा संसार होता. लग्न केलं नव्हतं; त्या खोलीत ते पितळेची इंजिनं करायचे. खेळणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला सात मिलिमीटर, असं त्यांचं माप. त्या मापात प्रत्येक नळी, प्रत्येक दांडी, प्रत्येक रिव्हेट बसलाच पाहिजे. हत्यारं दाताचीच. सोन्याचा दात जसा मेणाच्या साच्यावरून ओततात, तसे ते इंजिनाचे घुमट आणि धुराडी ओतायचे. दात कोरायच्या यंत्रावर चाकाच्या आऱ्या कोरायचे. पितळेचे तुकडे सांधणारा डाख लावायला त्यांनी मलाही शिकवलं होतं, आणि माझा डाख त्यांच्यापेक्षा साफ येतो, हे त्यांनी एकदाच, तेही तोंड फिरवून, कबूल केलं होतं.

खोलीच्या मधोमध ऐरण होती. ती इंजिन घडवायला नव्हे, मारायला. इंजिन पुरं झालं की ते परत सगळी मापं घ्यायचे. एखादी खिडकी केसभर वर निघाली, तर तोंडातून शब्द न काढता इंजिन ऐरणीवर ठेवायचे आणि घणाच्या दोन घावांत त्याचा चेंदामेंदा करायचे. सहा-सहा महिन्यांचं काम. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हुंदकाच फुटला. “खोटं इंजिन ऱ्हायलं म्हंजे फुडचा माणूस त्यालाच खरं समजंल,” ते घाम पुसत म्हणाले. मला राग आला तो आलाच. जीव नसला तरी हातानं घडवलेलं होतं ते.

दुसऱ्याच्या वस्तूलाही दयामाया नव्हती. एका बागायतदारानं मुलासाठी आणलेलं परदेशी विजेचं इंजिन बिघडलं, म्हणून आमच्याकडे दिलं. चार दिवसांनी येऊन बघतो तर त्याचे उभे दोन तुकडे. त्याची चाकं मोठ्या रुळांची होती, ती डॉक्टरांना मीटरगेजची, म्हणजे अरुंद रुळांची, करायची होती. म्हणजे धड कापायचं, मधला भाग काढायचा, चाकांचे आस आखूड करायचे आणि पुन्हा जोडायचं. बागायतदार ऊस तोडायचा कोयता घेऊन आला. कोयता दाराच्या चौकटीत रुतला, डॉक्टरांनी त्याची मान काखेत दाबली आणि त्याच अवस्थेत त्याला मीटरगेज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पुढं त्याच माणसानं आपल्या सासूला दाढ काढायला आणलं. सासूवर राग होता की डॉक्टरांवर विश्वास, कोण जाणे.

पण डॉक्टरांचा सगळा जीव अडकला होता तो एका इंजिनात. लहानपणी ते कोरेगावला मामाकडे राहून शिकले. तिथल्या स्टेशनात डबे इकडून तिकडे ढकलायला एक छोटं काळं इंजिन होतं, दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या असलेलं. शंटिंगचं इंजिन कधी वळवलं जात नाही. त्यामुळे फलाटावरून त्याची कायम एकच बाजू दिसायची. ती बाजू त्यांना तोंडपाठ होती, तिचे फोटोही होते. दुसरी बाजू कुणीच टिपली नव्हती, आणि डॉक्टर मापं घ्यायला लागले तोवर ते इंजिन तिथून हलवलं होतं. त्यांनी एका अंगाचं इंजिन पुरं केलं होतं. दुसऱ्या अंगाला नुसता कोरा पितळी पत्रा. “अंदाजानं लावा की चार नळ्या,” मी म्हणायचे. “अंदाजानं दात काढला तर चालंल का?” ते म्हणायचे.

मग मीटरगेज उखडून रुंद रुळांची ब्रॉडगेज आली. माझ्या भावानं कोरेगावहून निरोप दिला, की डॉक्टरांचं ते इंजिन भंगारात निघून परत कोरेगावात आलंय, स्टेशनाजवळच एका बाजूच्या रुळावर उभं आहे आणि ठेकेदाराची माणसं कापायला आली आहेत. डॉक्टरांनी खुर्चीतल्या पेशंटचा दात अर्धा हलवून ठेवला होता, तो तसाच ठेवून माप घ्यायची टेप उचलली. मीही मागं धावले. दोघं एसटीनं गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा पलीकडची दोन इंजिनं कापून झाली होती. ठेकेदाराची पाच-सहा माणसं या तिसऱ्याला गॅसची ज्योत लावणार, एवढ्यात डॉक्टर न पाहिलेल्या बाजूनं वर चढले. “मला दोन तास द्या,” म्हणाले. मुकादमानं शिवी हासडली. डॉक्टरांनी त्याला वरूनच लाथ घातली, तो खडीत तोंडावर पडला. मग काय विचारता. खाली ओढायला आलेल्या एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचा हात डॉक्टरांनी पिरगाळला. मी दगड मारत होते. चारातला एक तरी लागला असेल. शेवटी कुणीतरी मागून पहार घातली. डॉक्टरांचा उजवा हात इंजिनाच्या दांडीवर होता, तो तिथंच फुटला. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि तो सांगायची माझी इच्छा नाही. एकही माप घेऊन झालं नव्हतं; खाली पडल्यावरही ते डाव्या हातानं टेप शोधत होते. त्यांच्यासमोरच ज्योत टाकीला लागली.

साताऱ्याच्या दवाखान्यात हात बांधला. तीन बोटं वाकडीच बसली. दात काढणाऱ्याचा उजवा हात गेला म्हणजे काय उरलं? पोलिसांत जायला त्यांनी नकार दिला. “काय सांगू? सरकारच्या भंगारावर चढून मुकादमाला लाथ घातली म्हनून?” घरी आल्यावर त्यांनी आंब्याच्या फळीत खिळे ठोकून घेतले आणि डाव्या हातानं, चिमट्यानं, ते उपटत बसायचे. वर्षभर खिळे उपटले. पेशंट निम्म्यावर आले होते. मी नवऱ्याचं ऐकून दुसरीकडे लागले असते तर कुणी बोल लावला नसता, पण मी ते खिळे परत ठोकून द्यायचे. अर्धवट इंजिन समोर कपाटात होतं. “आता याची दुसरी बाजू या जन्मी न्हाई,” ते म्हणायचे, “डाव्या हातात बळ आलं की पयला घण यालाच.”

घण पडायच्या आधी शंकर आला. मेढ्याकडचा गडी, गाल नारळाएवढा सुजलेला, हातांवर ठिणग्यांचे डाग. डॉक्टरांनी डाव्या हातानं त्याचा जबडा उघडला आणि सहज विचारलं, “काम काय करतोस रं?”

“कुपवाडला गॅस कटिंग. त्येच्या आदी भंगारातली इंजिनं कापायचो. कोरेगावला.”

मी त्याचा चेहरा ओळखला. त्या घोळक्यात होता. डॉक्टरांनीही ओळखला असणार. “मला मारलं तवा हुतास?” त्यांनी विचारलं.

“समदेच हुतो,” तो खाली बघून म्हणाला.

मी डॉक्टरांच्या कानाशी लागले. “इंजेक्शन देऊ नका याला. तसाच उपटा, हळूहळू.” माझं मन मी झाकत नाही, मला त्याचं किंचाळणं ऐकायचं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नेहमीची थोबाडीत दिली आणि दाढ काढली. मग त्याला उठू न देता छातीवर गुडघा ठेवून विचारलं, “म्या चढलो त्या अंगानं कोण कापत हुतं? टाकीच्या खालनं नळी कुठनं कुठं जात हुती?”

तोंडात कापसाचा बोळा असलेला शंकर आधी गोंधळला. मग त्यानं खडू मागितला आणि फरशीवर काढायला लागला. नळी, तिचं वळण, पायरी, झाकण, रिव्हेटांच्या ओळी. “कापणाऱ्याला समदं ठावं असतंय,” तो बोबडं बोलत होता, “जोड कुठं हाय त्ये बघूनच ज्योत धरतो आमी.” डॉक्टर फरशीवर पालथे पडून ते बघत होते. त्यांचे डोळे भरले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तेव्हापासून शंकर दर सुट्टीला यायचा. तो सांगायचा, डॉक्टर डाव्या हातानं कापायचे, डाख मी लावायचे. भांडणाशिवाय एक दिवस गेला नाही. पायरी एक की दोन, यावरून डॉक्टरांनी त्याला कानस फेकून मारली, त्यानं डॉक्टरांना गळपट्टी धरून भिंतीला टेकवलं आणि तसंच धरून ठेवून म्हणाला, “दोन हुत्या. दोन. माझी ज्योत दोनदा इझली तितं.” डॉक्टरांनी दोन लावल्या. चहाचे कप इतके फुटले की मी शेवटी पितळेचे पेले आणले. मी त्या माणसाशी बोलत नव्हते. त्याचा चहा मी जमिनीवर ठेवायचे, तो मुकाट्यानं उचलायचा.

काळा रंग चढवायला पंधरवडा गेला. पातळ हात, वाळवण, घोटणं, पुन्हा पातळ हात. कातरवेळ झाली की किडे ओल्या रंगाला चिकटून मरतात, म्हणून डॉक्टर दुपारीच रंग लावायचे. शेवटचा हात दिला त्या दिवशी दुपारी इंजिन टेबलावर ठेवलं. एक बाजू त्यांनी स्वतः मोजली. ती बरोबर होती. दुसरी मोजायला जगात काही उरलं नव्हतं. त्यांनी शंकरला पुढं ओढलं.

“तू बघ. खोटं असंल तर सांग, म्या फोडतो.”

शंकर वाकला. बोट न लावता एकेक नळी बघत गेला. मी ट्रेमध्ये हत्यारं घेऊन उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, बरोबर आहे म्हण मेल्या, एवढं एक पुण्य कर.

“बरोबर न्हाई,” तो म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “काय चुकलं?”

“हितं, टाकीला, दांडीच्या खाली पोचा पायजे.”

“पोचा? इतकं दिस सांगितलं न्हाईस.”

“त्याच दिशी पडला. पहारीचा.” शंकरनं दांडीकडं बोट केलं. “दांडीवर तुमचा हात हुता. हातावर बसून पहार खाली टाकीवर आली. पहार माज्या हातात हुती, डॉक्टर.”

ट्रे माझ्या हातात होता तो मी त्याच्या तोंडावर फेकला. विचार वगैरे काही केला नाही. हत्यारं खोलीभर उधळली, त्याची भुवई फाटली, पण तो जागचा हलला नाही. मी दुसरं काहीतरी शोधत होते. ऐरणीवरचा घण उचलून मी त्याच्याकडे वळलेही. डॉक्टर आमच्या दोघांकडेही बघत नव्हते. वाकडी बोटं डाव्या हातानं चोळत ते इंजिनाकडे बघत उभे होते.

“किती खोल?” त्यांनी विचारलं.

शंकरला कळेना. “काय?”

“पोचा. किती खोल हुता?”

“बोटाचं अर्धं पेर. पत्रा गंजलेला हुता.”

“आन् रुंद?”

“तळहाताएवढा.”

डॉक्टरांनी मनात हिशेब केला. मग जमिनीवरून गोल टोकाची सळई उचलली, दातात चांदी भरल्यावर घोटायची, आणि शंकरच्या हातात दिली. “पाव मिलिमीटर. त्येच्यापरास जास्ती दाबलंस तर जीव घीन तुझा.”

शंकर इंजिनावर वाकला. भुवईतलं रक्त नाकाच्या शेंड्यावर येऊन ठिबकायला लागलं, आणि खाली रंग ओला होता. डॉक्टरांनी आपला उजवा हात मधे धरला. वाकड्या बोटांची ओंजळ नीट होत नव्हती, तरी धरला. शंकर दाबत होता, रक्त त्या हातावर पडत होतं, आणि दोघांपैकी कुणी हलत नव्हतं.

मी घण खाली ठेवला आणि कापूस आणायला गेले.