गुलाल कुठे चिकटला

मोटारीच्या मागच्या बाजूने येणारा एक आवाज मला सापडत नव्हता, आणि सोमवारी त्याच मोटारीतून धाकट्या बहिणीला तिच्या तान्ह्या बाळासह आंबा घाट उतरून रत्नागिरीला, सासरी पोचवायचे होते. कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता आणि माझ्या कानांचा मला भलताच अभिमान होता. गाडी दारात येऊन थांबायच्या आत तिचे काय दुखते ते मी सांगत असे. पण ही घरचीच गाडी, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, मला दाद देईना. निघताना मागून खट्, खट् असे वाजे आणि वेग वाढला की तो आवाज घरघरीत बुडून जाई. मी मागच्या आसाच्या मधला दातेरी चाकांचा डबा उघडून पाहिला, तेल बदलले, स्प्रिंगांचे कमानपाटे आवळले, डिकी रिकामी केली. जॅक लावून चाके हाताने फिरवली तर गाडी अगदी शहाण्यासारखी गप्प. खाली उतरवली की पुन्हा खट्.

त्यातच आईचा नवस आडवा आला. बहीण बाळंतपणात अडली होती तेव्हा आईने जोतिबाला पाच खेटे बोलले होते. माघातल्या रविवारी कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी चालत जायचे, त्याला आमच्याकडे खेटा म्हणतात. चार खेटे तिने घातले आणि शेवटच्याच्या तोंडावर तिचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला.

"माज्या बदली तू चाल," ती म्हणाली. "मी मोटारीत बसून येतो पायथ्यापतोर."

"आई, तो आवाज सापडाय पायजे. परवा सोमवार हाय."

"सापडंल. आदी देवाचं बघ."

तिच्यापुढे कुणाचे काय चालणार? पण मनातून मी चांगलाच धुमसत होतो. देवावर माझा विश्वास नव्हता असे नाही. पण हातातले काम टाकून दिवसभर पायपीट करण्यात त्याला कसला आनंद मिळतो, हे मला कळत नव्हते. बाळाला घाटातून न्यायचे आहे आणि मी इकडे धूळ तुडवणार, याचा राग येत होता.

रविवारी उजाडता उजाडता पंचगंगेचा पूल ओलांडला. गाडी माझा भाऊ चालवत होता, आई मागच्या सीटवर बसली होती आणि मी अनवाणी चालत होतो; गाडी थोडी पुढे जाऊन माझ्यासाठी थांबे. वडणग्याच्या पुढे माणसांची एवढी गर्दी झाली की गाडीलाही माझ्या शेजारून माणसाच्या पावलानेच जावे लागले. माझे तळवे खड्यांनी सोलवटून निघाले. तेवढ्यात तो आवाज पुन्हा कानावर आला आणि मला राहवेना. भावाला म्हटले, उतर, मी बसतो, पायथ्याच्या कुशिऱ्यापर्यंत चालवून आवाजाचा छडा लावतो. दाराच्या मुठीला हात घातला, तोच मागून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली,

"काय पावणं, चालाय आलायसा न्हवं? मग चाला की! गाडी काय पळून जातीया व्हय?"

आजूबाजूचे सगळे हसले. आई आतून म्हणाली, "बरं बोललीस बाई." मी ओशाळून मूठ सोडली आणि म्हातारीच्या नजरेतून सुटावे म्हणून गाडीच्या मागे मागे चालू लागलो. ती म्हातारी गर्दीत पुढे निघून गेली. नंतर तिला खूप शोधले, पण ती काही दिसली नाही.

डोंगरावरून परतणारी माणसे समोरून येत होती. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत त्यांनी आईवर, गाडीवर, चाकांवर मुठी मुठीने गुलाल उधळला. थोडे अंतर गेलो आणि माझे लक्ष मागच्या चाकांवर खिळले. डाव्या चाकावरचा गुलाल झडून गेला होता. उजव्या चाकावर मात्र मधल्या तुंब्यापासून कडेपर्यंत एक ओला, गुलाबी पट्टा चिकटून राहिला होता. काळ्या चाकावरचे काळे तेल मला इतके दिवस दिसले नव्हते. तो पट्टा फिरत खाली आला की खट्. पुन्हा खाली आला की पुन्हा खट्. गाडीत बसले की सगळे आवाज एकात एक मिसळत होते आणि जॅकवर असताना चाकावर भारच नव्हता. मागून, पायी, त्या गतीने चालल्याशिवाय हे कळणारच नव्हते.

मी ओरडून गाडी थांबवली. चाक काढले. आसाच्या बेअरिंगमधला एक पोलादी गोळी फुटली होती आणि आतून झिरपलेले तेल ब्रेकच्या पट्ट्यांना नुकतेच लागू लागले होते. दुसऱ्या दिवशी घाटातल्या वळणांवर काय झाले असते, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिथेच रस्त्यावर बसलो.

आईला सगळे सांगितले. ती लंगडत खाली उतरली, त्या पट्ट्याला बोट लावून तिने ते कपाळाला टेकवले आणि काळेगुलाबी कपाळ घेऊन दगडावर बसली.

"मी हितंच बसतो गाडीपाशी. तू वर जा. त्याला सांग, आई खाली बसलीया."

मी गेलो. पाय दुखत होते का, आठवत नाही. देवासमोर उभा राहिलो तेव्हा मागण्यासारखे काही उरलेच नव्हते. नुसता रडलो.

मोटारींचा कुणी जाणकार म्हणेल की तेलावर गुलाल चिकटायचाच. खरेच आहे, मीही कारागीरच आहे. पण दाराच्या मुठीवरचा माझा हात मी आपण होऊन काढला नव्हता, एवढे मला पक्के ठाऊक आहे. माझ्या कानांवर माझा आजही भरवसा आहे. फक्त ते देवानेच दिलेत, आणि कधी कधी गाडी दुसऱ्याच्या हाती सोपवून मागे राहावे लागते, हे तेव्हापासून विसरलो नाही.

बेअरिंग मिळाले, ब्रेकच्या पट्ट्या बदलल्या, आणि पुढच्या आठवड्यात बहिणीला घेऊन निघालो. खेट्याच्या वाटेवर काय घडले ते आईने तिला कळू दिले नव्हते. मलकापूर मागे पडले, घाट सुरू झाला. एकेक वळण उतरत गाडी खाली आली. बाळ सारा वेळ झोपले होते.

"दादा," बहीण म्हणाली, "आज गाडी किती गप हाय रं."

माझ्या तोंडून एवढेच निघाले, "चांगभलं."