दाजींची शिंदी आणि अक्काची शपथ

आमचे दाजी उत्तमराव म्हणजे जैनथ भागातला वांग्यांचा राजा. असं मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. आदिलाबादच्या भाजीबाजारात त्यांचं गिऱ्हाइकाशी आधी तेलुगूत भांडण, मग हिंदीत समजूत आणि शेवटी मराठीत दोन वांगी जास्तीची. बायकोवर त्यांनी कधी हात उचलला नाही, दारूला शिवले नाहीत, दारुड्याला तर ओट्यावरही बसू देत नसत. स्वतः मात्र सकाळ-संध्याकाळ शिंदीखान्यात. कोणी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "शिंदी काय दारू हाय का बावा? झाडाचं पानी हाय थे."

आमच्याकडे अर्धा गाव हेच म्हणतो. झाडाचं पाणी पिऊन माणूस बसल्या जागी डुलक्या का घेतो, हे कोणी विचारत नाही.

माझी थोरली बहीण सोजरबाई, दाजींची बायको, तीही विचारत नव्हती. पण एके दिवशी त्यांच्या पोरीला, वृषालीला, पाहायला पाहुणे आले. पोरगी चहा घेऊन बाहेर आली आणि पोरीचा बाप पोह्यांची बशी मांडीवर कलती करून झोपलेला. पाहुणे सभ्य होते, हसायचं ते घरी जाऊन हसले असतील. ते गेल्यावर अक्काने दाजींचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "म्हना, शिंदीले पुन्हा शिवलो तं सोजरचं मेलेलं तोंड पाहीन."

दाजींनी शपथ घेतली. आणि खरं सांगतो, पाळली. तिथेच तर सगळा घोळ झाला.

दुसऱ्या दिवसापासून माणसाची झोप उडाली. हात असे थरथरायला लागले की चहा कपात कमी आणि अंगावर जास्त. मग त्यांना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या, ज्या आम्हाला कोणालाच दिसत नव्हत्या. आणि एका सकाळी वांग्याच्या वाफ्यात त्यांना झटका आला. दातखीळ बसली, तोंडाला फेस आला, अंग वाकडं झालं. गावात लगेच निकाल लागला, उत्तमराव चोरून प्याला आणि शपथ भोवली.

वाईट हे, की अक्कालाही तेच वाटलं. शुद्धीवर आलेल्या नवऱ्याला तिनं पहिलंच विचारलं, "कवा पेले? खरं सांगा." दाजी रडायला लागले. एवढ्या मिशांचा माणूस असा रडताना मी पहिल्यांदा पाहिला. मला गावाचा राग आला, अक्काचा तर जास्तच आला. देवऋषीकडे नेण्याची भाषा सुरू झाली तसा मी ऑटो बोलावला, नवरा-बायकोला आत कोंबलं आणि आदिलाबादचा सरकारी दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाई तेलुगू, पण मराठी चांगलं बोलत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाजींचे हात पुढे करायला लावून पाहिले. अक्काने दबक्या आवाजात विचारलं, "बाई, यायनं चोरून पेलीच असन ना?"

"नाही अम्मा. पिले असते तर झटका आला नसता. सोडली म्हणून आला."

मग बाईंनी समजावून सांगितलं. गिऱ्हाइकाला नशा चढावी म्हणून शिंदीत कुठे कुठे झोपेच्या औषधाची पूड मिसळतात. वर्षानुवर्षं ती पोटात गेली की मेंदू तिच्याच भरवशावर राहतो. ती एकदम काढून घेतली की तो बिथरतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून तसंच औषध मोजून द्यायचं आणि हळूहळू कमी करत न्यायचं. "हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "करणी नाही आणि पापही नाही."

मला एकदम हायसं वाटलं. पण दाजींनीही सगळं नीट ऐकलं होतं, हीच अडचण झाली.

"बाई, हे गोळी म्हंजे शिंदीत टाकतात थेच ना?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "त्याच जातीची आहे."

"मंग मी घेत नाई. माही शपथ हाय. सोजर मरन."

"न घेता पुन्हा झटका आला तर तुम्ही जाल," बाई म्हणाल्या. दाजींनी तोंड घट्ट मिटून घेतलं. मी समजावलं, ओरडलो, वांग्यांची आण घातली. काही उपयोग नाही. शेवटी मी बहिणीकडे वळलो. "अक्का, सुटली म्हण."

ज्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, त्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं, दुसऱ्या कोणाला तो अधिकार नाही. अक्का म्हणेना. तिचंही मला कळत होतं. उभ्या संसारात नवऱ्याला धरून ठेवायला तिच्या हाती तेवढी एक गोष्ट आली होती, आणि मी ती सोडून दे म्हणत होतो.

"सुटली म्हनलं अन् हे परत थितंच गेले तं?" तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"जाऊ शकतात. गेले तर परत इथे आणा. मी रागावणार नाही, पुन्हा औषध देईन."

मग अक्का उठली, दाजींचा थरथरता हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला आणि पुटपुटली, "सुटली." दाजींना खरं वाटेना. तेव्हा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "सुटली म्हनते ना! घ्या आता थे गोळी!"

दाजींनी गोळी गिळली. त्या दुपारी त्यांना झोप लागली आणि अक्का खाटेचा दांडा धरून पोटभर रडली. मी बाहेर जाऊन चहा प्यालो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

काही दिवसांनी त्यांना घरी सोडलं. गोळ्या अक्काच्या ताब्यात. आधी एक, मग अर्धी, मग पाव. जरा बरं वाटताच दाजींना मर्दुमकी सुचली, आता गोळीही एकदम बंद करतो म्हणाले, तर अक्काने त्यांना असं झापलं की डॉक्टरीणबाईही घाबरल्या असत्या. संध्याकाळी जीव शिंदीखान्याकडे ओढ घेतो, असं दाजींनी दवाखान्यात सांगितलं होतं, म्हणून त्या वेळेला दोघं मिळून मेथीला पाणी द्यायला लागले.

पोळ्याच्या दिवशी मात्र दाजींचा पाय घसरला. पण ते सरळ घरी आले आणि चुलीपाशी उभे राहून म्हणाले, "सोजर, आज अर्धा गिलास पेलो." शपथ असती तर जीव गेला तरी बोलले नसते. अक्काचा चेहरा उतरला. तिनं ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, "सकाळी जाऊ दवाखान्यात." डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला, रागावल्या नाहीत.

परत येताना मी ऑटोत पुढे ड्रायव्हरपाशी, ती दोघं मागे. शिंदीखान्यासमोर ड्रायव्हरनं सवारीसाठी ऑटो थांबवला आणि जोरात हॉर्न मारला. मला वाटलं, दाजी आता उतरतात की काय. मागे वळून पाहिलं तर अक्का दाजींच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेली, आणि दाजी ड्रायव्हरवर डोळे वटारत होते.

"हॉर्न काऊन मारून राह्यला बावा? झोपली हाय थे."