शहागंजच्या चित्रातली कोरी जागा

आमच्या अख्ख्या शहरात रस्ता विचारू नये असा एकच माणूस आहे, आणि ते नेमके माझ्या बायकोचे सख्खे मामा आहेत. चित्रकलेचे निवृत्त मास्तर. पुंडलिकनगरच्या घरात बसून मेण लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर सुईनं रेघा ओढायच्या, पत्रा अ‍ॅसिडात बुडवायचा आणि शाई भरून कागदावर छापायचा, हा त्यांचा उद्योग. छापताना चित्र उलटं उमटतं, म्हणून पत्र्यावर सगळं आधीच उलटं काढावं लागतं. मामा त्यात इतके मुरले की बोलण्यातही उजव्याचं डावं झालं. वैजापूरहून आलेल्या एका पाहुण्याला त्यांनी शहागंजचा रस्ता सांगितला, तर तो बिचारा मुकुंदवाडी स्टेशनात निघाला. "चहा तर मिळाला ना तिथं?" मामांनी शांतपणे विचारलं.

शहागंजच्या घड्याळाचा मनोरा आणि भोवतीचा बाजार, हे एकच चित्र ते कित्येक वर्षं काढत होते. त्यातही तऱ्हा अशी, की ज्या दुकानातून स्वतः काही घेतलं नाही, ते दुकान चित्रात घ्यायचं नाही. "गिऱ्हाईक झाल्याबिगर दुकान दिसत नाय, जावईबापू." त्यापायी घरात सात कुलपं, टकलावर न बसणाऱ्या चार टोप्या, आणि अत्तर तर इतकं की त्यांच्याकडं वांग्याच्या भाजीलाही हिन्याचा वास येतो.

फक्त मनोऱ्याला लागून एक जागा कोरी राहिली होती. तिथं बांगड्यांचं दुकान. मामी गेलेल्या, बांगड्या घ्यायच्या कुणासाठी? मामा पायरीपर्यंत जात आणि परत येत. अशात डॉक्टरांनी सांगितलं, नजर आता फार दिवस टिकायची नाही. चित्र अर्धंच राहणार म्हणून मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला फार वाईट वाटलं.

शेवटी बायकोच म्हणाली, "मामा, भाचीला बांगड्या भरायच्या नाहीत का?" आम्ही तिघं गेलो. दुकानातल्या चाचांनी तिला बसवून घेतलं. "हाथ ढीला छोडो, बेटी." तिनं उजवा हात पुढं केला. मामा भिंग धरून बघत राहिले.

महिन्याभरानं चित्र छापलं. दुकान होतं, चाचा होते, आणि समोर बसलेल्या बाईनं डावा हात पुढं केला होता.

"मामा, इथं उलटं करायचं विसरलात," मी हसत म्हणालो. "हिनं तर उजवा दिला होता."

"व्हय का?" म्हणाले, आणि भिंग पुसत बसले.

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. जिना उतरताना हळूच म्हणाली, "अहो, मामी डावखुरी होती."