मावशीचा चहा आणि माझे केस

बाटलीवरची बारीक अक्षरं शेवटच्या टिंबापर्यंत वाचणारं माणूस अख्ख्या निपाणीत एकच होतं, आणि ते म्हणजे माझी मधली मावशी. कुणी वाचू नये म्हणूनच कंपन्या ती अक्षरं तेवढी बारीक छापतात, पण मावशीपुढे त्यांचं काही चालत नसे. चष्म्यावर काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, भिंग धरून, बाटली खिडकीच्या उजेडात नेऊन ती एकेक घटक मोठ्याने वाचायची आणि न कळलेल्या प्रत्येक नावावर थांबून विचारायची, "ह्यो कोण?" आमचं घराणं जैन. कांदा-लसूण आणि मध घरात येत नाही, पाणी गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही आणि सूर्य मावळला की खाणंपिणं बंद. हे आम्ही सगळेच कमीजास्त पाळतो, पण मावशीने ते थेट लिपस्टिकपर्यंत नेऊन पोचवलं. काही लाल रंग किड्यांपासून काढतात असं तिच्या कानावर आलं आणि तिने खोक्यावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात कन्नड, हिंदी की इंग्रजी असं विचारत होती. मावशी म्हणाली, "भाषा कुठली बी चालंल गं बाई, पैल्यांदा ह्यात किडं हाईत का न्हाईत तेवढं सांग." त्या मुलीला ते सांगता येईना, त्यामुळे ती लिपस्टिक कितीतरी दिवस बाहेरच्या कट्ट्यावर बसून होती. मावशी तिला घरातही घेईना आणि टाकूनही देईना.

आता साठीच्या मावशीला मुळात लिपस्टिक हवी कशाला, तर ती माझ्यासाठी. मी तेव्हा नववीत होते. तिच्या घराच्या मागच्याच गल्लीत आमचं घर, त्यामुळे माझा अर्धा मुक्काम मावशीकडे. माझे केस कुरळे आहेत, म्हणजे नुसते वळणदार नव्हेत, तर एकदा सुटले की कुणाचं ऐकणारे नव्हेत असे. आई रोज सकाळी तेल चोपडून, दात-ओठ खाऊन त्यांच्या दोन वेण्या घालायची, तरी दुपारपर्यंत ते कपाळावर उगवायचेच. वर्गात मला नूडल्स म्हणायचे. मी हसायचे, कारण न हसल्यावर आणखी म्हणतात. पण मला ते लागायचं, फार लागायचं. न्हाल्यावर केस बांधून होईपर्यंत मी खोलीचं दार उघडत नसे. दहावी झाली की बेळगावात जाऊन केस कायमचे सरळ करून घ्यायचे, हे माझं ठरलेलं होतं, आणि तसं मी एकदा मावशीच्या स्वयंपाकघरात जाहीर करून टाकलं. मावशी पोळी लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं, डाव्या कानावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "बघू या की." तो पदर तिच्या कानावरून मी कधी सरकलेला पाहिला नव्हता. लहानपणी कढईतलं तेल उडालं, असं ती सांगायची.

"बघू या" म्हणजे काय, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मावशीने काकांचा फोन ताब्यात घेतला आणि कुरळ्या केसांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. व्हिडिओतल्या मुलीशी ती बोलायचीसुद्धा. "थांब गं, एवढी कशाला पळतीस, चष्मा लावू दे की." पण ती मुलगी जे जे सांगेल ते ते आमच्या धर्मात बसेना. कांद्याचा रस म्हटल्यावर मावशी म्हणाली, "तोंडात घालत न्हाय ते डोक्यात कुठलं?" मध निघाला तो मधमाश्यांच्या तोंडचा म्हणून गेला. अंडं म्हटल्यावर तिने फोनच पालथा घातला. रेशमी उशीवर झोपावं म्हणजे केस गुंतत नाहीत हे तिला फार पटलं, पण रेशीम किडे उकडून काढतात. त्यावर बराच विचार करून तिने काकांच्या लग्नातल्या कोटाचं गुळगुळीत अस्तर उसवलं आणि मला उशीचा अभ्रा शिवून दिला. पुढे एका लग्नाला निघताना काकांनी तो कोट घातला, तर त्यांचा हात बाहीत निम्म्यावर जाऊन अडकला. काका मुळात फार बोलत नाहीत. त्यांनी कोट काढला, उलटापालटा करून पाहिला, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि सदऱ्यावरच लग्नाला गेले.

शेवटी जवस पास झाले. जवस पाण्यात उकळून ते चिकट पाणी फडक्यातून गाळायचं आणि ओल्या केसांना लावायचं. गाळण्यात आमचा हात कोण धरणार! मावशी मला पाटावर बसवायची, केस ओले असतानाच बोटांनी खालून वर सोडवत यायची, जवसाचं पाणी लावून एकेक बट मुठीत दाबायची आणि काकांच्या जुन्या बनियनात सगळं गुंडाळून ठेवायची. "वाळंपतोर हात लावायचा न्हाय. आर्धवट वाळल्यालं केस इस्कटलं की सगळं मुसळ केरात." वाळल्यावर मी आरशात पाहिलं. तेच केस होते, पण आता ते भांडत नव्हते.

मग मेकअपची पाळी. पहिल्या दिवशी दुकानदाराने दिलेली क्रीम माझ्या तोंडाला फासून झाल्यावर मी गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखी दिसू लागले. मावशी मला तशीच हाताला धरून बाजारपेठेत त्या दुकानात घेऊन गेली. आतल्या दिव्याखाली रंग कळत नाही म्हणून दुकानदाराच्या सगळ्या बाटल्यांचा ट्रे तिने उचलला आणि भर रस्त्यात उन्हात नेला. तिथे माझ्या जबड्यावर एकेक रेघ ओढून बघायला लागली. दुकानदार "आक्का, आक्का, ट्रे तरी द्या" म्हणत मागे, दोन दुचाकीवाले थांबलेले, आणि मी जमीन दुभंगायची वाट बघत उभी. पण त्या दिवशी मिळालेला रंग माझ्या चेहऱ्यावर असा बसला की लावला आहे हे कुणाला कळेना. मावशीचं मत असं की थोडं काजळ, ओठाला किंचित रंग, बास. "मेकअप म्हंजे काय, लोकांनी इचारलं पायजे, आज झोप बरी झाली वाटतं. तेवढाच करायचा."

एवढं सगळं होऊनही मी ते केस घेऊन दाराबाहेर काही पडेना. मावशीच्या खोलीत केस मोकळे, उंबऱ्याशी आलं की वेण्या. मावशीने पुष्कळ सांगून पाहिलं. मग चातुर्मास लागला. चातुर्मासात आमच्याकडे प्रत्येकजण कसला ना कसला नियम घेतो. कुणी पालेभाजी सोडतं, कुणी साखर. मावशीने त्या वर्षी चहा सोडला. मावशी आणि चहा हे प्रकरण ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ऐकून धक्काच बसेल, कारण तिच्या चुलीवरचं चहाचं पातेलं सूर्योदयाला चढायचं ते सूर्यास्तालाच उतरायचं. नियम घ्यायला ती बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, माताजींपुढे बसली, मी मागे. "किती दिवस?" माताजींनी विचारलं. मावशी म्हणाली, "ही पोरगी केस मोकळं सोडून चारचौघांत येईपतोर." दीक्षा घेतल्यापासून स्वतःचे केस स्वतःच्या हाताने उपटत आलेल्या त्या माताजी हे ऐकून हसल्या. "मग हा नियम तुझा की तिचा?" मावशीने खाली मान घालून सांगितलं, "डोकं माझं दुखणार, म्हंजे माझाच की."

तिचं डोकं दुखलंच, पण दुखणं सगळ्या गल्लीला झालं. सकाळी दूधवाल्याशी भांडण, दुपारी कामवालीशी, आणि संध्याकाळी कुणी मिळालं नाही तर टीव्हीशी. काका चहा प्यायला शेजारी जाऊ लागले आणि घरी येण्याआधी चूळ भरू लागले. एकदा त्यांनी मला जिन्याखाली गाठलं. "बाळ, सोड बाई ते केस. मला घरात राहवंना झालंय." मला मावशीचा राग यायचा आणि दयाही यायची, पण शाळेतलं ते हसू आठवलं की हात आपोआप वेणीकडे जायचा. आषाढ गेला, श्रावण गेला, भाद्रपदातलं दशलक्षण पर्व आलं आणि संपलं, तरी मावशीचं पातेलं पालथंच.

पर्व संपल्यावर क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. थोरामोठ्यांची, भांडलेल्यांची, कळत-नकळत दुखावलेल्या साऱ्या जीवांची. दुपारी मी मावशीच्या पाया पडून क्षमा मागितली. ती म्हणाली, "माझी मागितलीस. ह्यांची?" आणि माझ्या वेण्यांकडे बोट केलं. "जन्मल्यापास्नं किती शिव्या घातल्यास त्यांस्नी. मी माझ्या केसांची मागितलीया. लई उशिरा मागितली, पण मागितली." मला हसू आलं. मी वेण्या सोडल्या आणि म्हटलं, "मावशी, न्हाऊ घाल. बस्तीत असंच येते."

मावशीने पाणी तापवलं, जवस गाळले, सगळं रीतसर केलं. पण हवा दमट, आणि नेमकी वीज गेलेली, त्यामुळे पंखा बंद. केस काही वाळेनात आणि ऊन भिंतीवरून वर सरकायला लागलं. सूर्य मावळायच्या आत मी लोकांसमोर गेले तरच मावशीला आज चहा मिळणार होता. काका घड्याळ बघत होते. शेवटी मी उठले. "असूदे, ओलेच घेऊन जाते. तू आधण ठेव." मावशीने माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. "बस खाली. पैल्यांदा जातीस, नीट जा. मला चहा उद्या बी मिळंल."

तेव्हा, कुणी विचारलं नसताना, काका बोलले. "मी हिला स्तवनिधीच्या यात्रेत बघितलतो. वाऱ्यानं हिला ते कुरळं केस आवरंनात. मी घरी येऊन सांगितलं, करीन तर हीच. बघायला गेलतो तर समोर निराळीच पोरगी, केस चापून-चोपून सरळ. मला वाटलं, एक दावून दुसरी गळ्यात बांधाया लागल्यात. पोहं खाल्लं आणि नको म्हणून आलो." मावशी खिडकीकडे तोंड करून उभी होती. काका पुढे म्हणाले, "छत्री तिथंच इसरलतो. दुसऱ्या दिवशी आणायला गेलतो तर आंगणात हीच, केस वाळवत बसल्याली. कान भाजल्याला. मला दावायचं म्हणून कोळशाच्या इस्त्रीनं केस सरळ केलतं घरच्यांनी."

ऊन गेलं, आणि मग कुठे माझे केस वाळले. मावशीने माझ्या डोळ्यांत काजळ घातलं. कट्ट्यावरच्या लिपस्टिकचा निकाल अजून लागलेला नव्हता, म्हणून ओठाला नुसतं तूप लावलं. बस्तीत काही पोरींनी वळून पाहिलं, एक फिसकन हसलीसुद्धा, पण माझ्या एका बाजूला मावशी होती आणि दुसऱ्या बाजूला काका. शेजारच्या आज्जींनी माझी हनुवटी धरून विचारलं, "आज झोप बरी झाली वाटतं गं?" मावशीने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. दुसऱ्या दिवशी दर्शन घेऊन आल्यावर मी तिला चहा करून दिला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "साखर कमी हाय."

आता मी बेळगावात शिकते, अनगोळला खोली घेऊन राहते. केस मोकळेच असतात. निपाणीला गेले की मावशी जमवून ठेवलेल्या बाटल्या माझ्यापुढे मांडते, कारण आता भिंगातूनसुद्धा तिला ती अक्षरं दिसत नाहीत. "वाच, आणि काय गाळू नको," असा दम देते. तिचे हातही थरथरतात. म्हणून गेल्या खेपेला मीच तिला पाटावर बसवलं आणि तिच्या केसांना जवसाचं पाणी लावलं. पांढरे झालेत, विरळ झालेत, मूठभरसुद्धा राहिले नाहीत, पण वळण अजून तसंच आहे. एकेक बट मी मुठीत दाबत होते आणि माझ्या मनात येत होतं की हे असं किती दिवस मिळणार. मावशी म्हणाली, "कशाला गं एवढा खटाटोप? आता ह्या वयात माझं केस कोण बघतंय?"

बाहेरच्या खोलीतून, पेपर खाली न ठेवता, काका म्हणाले, "मी बघतोय की."

मावशीने ऐकू न आल्यासारखं केलं. कानावरून घसरलेला पदर सावरायला तिने हात वर नेला आणि तसाच खाली आणला. भिंतीवर अजून ऊन होतं. मी चहा ठेवायला उठले.