नकाराचं विशेषण
हळद शिजल्याचा वास आला की मला कुरुंद्यातली ती दुपार आठवते. अंगणात कढई उकळत होती आणि मामा आईला माहेरच्या शेतातला हिस्सा सोडायला सांगत होते. "समजूतदारपणानं घे, अक्का." आई वाफेतून न हलता म्हणाली, "काहून सोडू? तुझ्याबराबर मीबी त्या मातीत राबले, मायच्या दुखण्यात मीच उशाशी होते. न्हाई सोडत." मामा चहा न घेता गेले. संध्याकाळी मोबाइलवर माझा स्पॅनिशचा तास होता. घरातल्या एखाद्या निर्णयावर वाक्य करायचं होतं. मी आईच्या नकाराला 'रासोनादा' म्हटलं, म्हणजे कारणं देऊन मांडलेला. शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं, "इथे 'सेन्साता' शोभेल, समजूतदार." मी म्हणाले, "आमच्याकडे हक्कसोडीवर मुकाट्यानं सही करणारीला समजूतदार म्हणतात. माझ्या आईनं कारणं दिलीत. मी शब्द बदलणार नाही." बाई म्हणाल्या, "मग तोच ठेव." चुलीजवळून आईनं विचारलं, "कोणाशी भांडून राहिली गं?" "तुझ्या बाजूनं बोलून राहिले," मी म्हणाले. मामांना तो नकार अजूनही 'रासोनाब्ले', म्हणजे पटण्यासारखा, वाटत नाही. आई मात्र तो हिस्सा स्वतः कसते, आणि आता मी स्पॅनिश शिकवताना मुलींना 'सेन्साता'च्या आधी 'रासोनादा' सांगते.