टाकीखालची बाटली

दारू मी आणि माझ्या मित्रानं एकाच दिवशी सोडली, मारुतीपुढे नारळ फोडून. त्याला दोन वर्षं झाली. संध्याकाळी हातांना काहीतरी काम पाहिजे म्हणून दोघांच्याही घरी मासोळ्यांच्या काचेच्या टाक्या आल्या. माझ्या मासोळ्या मजेत होत्या, पण पाण्यातली झाडं पिवळी पडत चालली होती. त्याची मात्र हिरवीगार!

"गॅस लागते बे त्यायले," मोहाडीहून वरठीच्या कारखान्यात मला गाडीवर नेताना तो म्हणाला. "बाटलीत गूळपाणी आंबव, नळीनं गॅस टाकीत सोड. झालं."

आंबवायला यीस्ट पाहिजे होतं. दोन दुकानं फिरलो, मिळालं नाही. "यीस्ट कायले पायजे? मोहफुलं टाक," म्हणत त्यानंच घरून पिशवीभर आणून दिली. आता बोला! नारळ फोडलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं गूळ आणि मोहफुलं बाटलीत भरली, आणि डोक्यात एकदाही प्रकाश पडला नाही. तापल्या खिळ्यानं झाकणाला भोक पाडलं, सलाइनची नळी बसवली, भोवती एम-सील थापलं. नळीच्या दुसऱ्या तोंडात मित्राच्याच पाकिटातल्या सिगारेटचा फिल्टर कोंबला. दुसऱ्या दिवशी त्यातून रव्यासारखे बारीक बुडबुडे निघाले. मी एकटाच टाळ्या पिटत बसलो.

चौथ्या दिवशी सकाळी बायकोनं टाकीखालचा पडदा सारला आणि बाटलीचं झाकण उघडलं. मोहाच्या दारूचा हा वास आमच्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही.

"दारूचा सडवा घातला घरात?" तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच मला धसका बसला. मी शेवटचा पिऊन आलो तेव्हा तिनं बजावलं होतं, पुन्हा हा वास आला तर दिघोरीला माहेरी जाईन आणि परत येणार नाही.

"अवं, झाडायसाठी हाय. भाऊजीनंच शिकवलं. बुडबुडे पाय ना!"

"गॅस झाडायले, अन् खालचं पानी तुमाले?"

तेवढ्यात बाहेर मित्राचा हॉर्न वाजला. सुटलो, वाटलं. तिनं त्याला आत बोलावलं. "भाऊजी, तुमीच सांगा. हे तुमी शिकवलं म्हणतेत."

त्यानं बाटली पाहिली. मग स्वतःचे बूट पाहिले. "मले काय मालूम, वहिनी."

मी मोरीत बाटली ओतली आणि गाडीवर मागे बसलो. गाव सुटल्यावर त्याची कॉलर धरून गाडी थांबवली. "खोटं काहून बोलला बे?"

"फुलं माह्या घरची म्हटलं असतं तं माह्या बायकोच्या कानावर गेलं असतं ना. तिले वाटते, मी सोडली."

"म्हणजे?"

तो पुन्हा गाडीला किक मारू लागला. दोन वर्षं रोज ज्याच्या पाठीला चिकटून गेलो, त्यानं सोडलीच नव्हती! नालायक! वाईट याचं वाटलं, की मी मात्र त्याच्या भरवशावर सोडली होती. खाली उतरलो आणि वरठीपर्यंत पायी गेलो.

संध्याकाळी घरी आलो. दिघोरीला न्यायची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, आणि बायको तिच्या शेजारी उभी होती.

"फुंका," ती म्हणाली. दारू सोडल्यावर पहिले काही महिने ती रोज असंच म्हणायची.

मी तिच्या तोंडासमोर फुंकर मारली. तिनं पिशवी उचलली नाही.

"अजून एकदा," ती म्हणाली.