कात्रणात गेलेलं शहर

शिंप्याच्या दुकानात खाकी कागदाला कवडीचा मान नसतो. त्यावर माप आखायचं, फर्मा कापायचा, खिळ्याला टांगायचा. पण कोपऱ्यात बसून काज-बटणं करणाऱ्या ताईने त्याच कागदावर अकरा वर्षं खपून एक अख्खा देश वसवला होता, आणि तिच्या सख्ख्या भावाने तो एका सकाळी कापला.

त्या देशातली नदी सहा महिने समुद्राकडे वाहायची आणि सहा महिने उलटी, डोंगराकडे. कल्पना काय, कुणालाही सुचेल. ती निभावणं अवघड. नदी उलटी फिरली की काठचं शहर खारं पाणी पिणार का? या एका प्रश्नाने ताईला दोन वर्षं छळलं. काज करताना सुई बोटात जायची, तरी डोक्यात पाणीच. शेवटी गेल्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, उत्तर सापडलं: प्रत्येक घर टाकीवरच बांधायचं, आणि नदी वळायच्या आधी गोडं पाणी भरून ठेवायचं. तिने शहरातली सगळी घरं पुसून नव्याने काढली. त्या दिवशी ती डबा खायला विसरली.

सोमवारी ती दुकानात आली तर खिळ्याला बाहीचा नवा फर्मा टांगलेला. त्याच्या मागून तिची नदी गेली होती.

"दादा, हा कागद कुठला?"

"फळीवरचा. गणवेशांची घाई, कागद संपलेला. मागची बाजू कोरी होती."

"पुढची बघितलीस?"

"तुझ्या रेघोट्या होत्या. दुसऱ्या काढ की."

ताईने सगळे फर्मे उतरवून टेबलावर जुळवले. डोंगर कॉलरमध्ये, बंदर खिशात. शहर कुठेच नव्हतं. ते बाहीच्या खोलगट भागात आलं होतं, म्हणजे कात्रणात, आणि कात्रणं सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेली होती.

"एवढं तोंड पाडायला काय झालं? कुणी राहत होतं का तिथे?" दादा हसला.

"हो," ताई म्हणाली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कागद कापल्याचा राग होताच. त्याहून जास्त राग त्या हसण्याचा होता. अकरा वर्षं हा माणूस तिच्यापासून चार हातांवर उभा राहून कापड कापत होता आणि एकदाही, "काय काढतेस गं?" असं त्याने विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर याला तोंडपाठ.

ती स्टुलावर चढली आणि सगळ्यात वरच्या खिळ्याचा फर्मा काढला. बाबांच्या हातचा, कोटाच्या पाठीचा. दादा त्याला दुसऱ्या कुणाचं बोट लागू देत नसे.

"ए, बाबांचा आहे तो."

"माझेही बाबाच होते," म्हणत तिने तो टेबलावर पालथा घातला. "आणि मागची बाजू कोरी आहे."

दादाचा हात पुढे आला आणि तसाच राहिला. ओढला असता तर जुना कागद टरकन फाटला असता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ताईने पेन्सिलीला टोक केलं. या दुकानात दादाची कात्री न लागणारा हा एकच कागद होता. तिने आधी टाकी काढली, मग तिच्यावर घर.